कोनदार अक्षर

माणसाच्या मुद्रेवरून त्याच्या स्वभावाविषयी आपण जसा काही ग्रह करून घेतो, तसाच अक्षराच्या वळणावरूनही करून घेतो. आणि हा ग्रह अक्षर वाचण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. लग्नपत्रिकेवरील लपेटीचे अक्षर, पंचांगातील बारीक व दाट अक्षर, तालमीच्या फलकावरील जाडजूड अक्षर ही सारी आपला अर्थ सांगण्याआधी आपली कुळी सांगतात. ह्या कुळींत गेल्या काही वर्षांत आणखी एकीची भर पडली आहे. तिच्यात वळण म्हणून जवळजवळ नाहीच. जेथे वाटोळे पोट असावयाचे तेथे चौकट, जेथे गाठ असावयाची तेथे खाच, रेघ सर्वत्र सारख्याच जाडीची, आणि टोके करवतीने कापल्यासारखी सपाट. मोबाइलचे दुकान, संगणकाचा वर्ग, व्यायामशाळा, अंतराळावरील चित्रपट ह्यांची नावे ह्या अक्षरांत लिहिली म्हणजे ती आजची न वाटता उद्याची वाटू लागतात. म्हणूनच ह्या कुळीस भविष्यवादी असे नाव मिळाले आहे. कोन आणि भविष्य ह्यांचे हे लग्न कोणी व केव्हा लावले, आणि आपल्या देवनागरीस ते कितपत मानवले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ हौसेचा नाही. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या कोणत्याही भरल्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांची जी दाटी दिसते, तिच्यासंबंधी महाराष्ट्रात आता कायदा आहे. दुकानाचे नाव देवनागरी लिपीत मराठीत असले पाहिजे व त्याची अक्षरे दुसऱ्या कोणत्याही लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत, अशी तरतूद २०२२ साली करण्यात आली. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली व्यापाऱ्यांना तिची अंमलबजावणी करण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याने लिपी ठरली आणि आकारमानही ठरले. परंतु अक्षराचे रूप कायद्याच्या कक्षेत येत नाही, येऊही नये. ते ठरविणारे तिघे: ठसा घडविणारा, तो निवडून पाटी रंगविणारा अथवा छापणारा, आणि ती वाचणारा. पाटीवर देवनागरी आली खरी. पण ती देवनागरी म्हणूनच वाचली जाते, की रोमन अक्षराचा अंगरखा अंगावर चढवून कशीबशी उभी राहते, हा प्रश्न आता आपल्या रसिकतेकडे सोपविलेला आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. कोनदार अक्षर ही आपल्याकडे नवी वस्तू नव्हे. ज्या लिपीपासून आपली बाळबोध उतरली, त्या अशोककालीन ब्राह्मीकडे पाहावे. तिचा ‘क’ म्हणजे अधिकाचे चिन्ह, ‘ग’ म्हणजे घराच्या छपरासारखा एक कोन, ‘ब’ म्हणजे निव्वळ चौकोन, ‘ठ’ म्हणजे वर्तुळ आणि ‘थ’ म्हणजे मध्ये टिंब असलेले वर्तुळ. ही अक्षरे लिपिशास्त्राची ओळख नसलेल्या एखाद्या तरुणापुढे ठेवली, तर ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील आहेत असे त्याच्या मनात येणार नाही. एखाद्या विज्ञानकथेतील परग्रहावरची लिपी असावी असेच त्यास वाटेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना आपल्या कोकणात सोपारे येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा जो तुकडा सापडला, तो ह्याच लिपीत आहे. तिचे कोडे त्यापूर्वी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ह्याने उलगडले होते. म्हणजे जे रूप आज आपणांस पुढच्या काळाचे भासते, ते महाराष्ट्राच्या लेखनेतिहासाच्या अगदी पहिल्या पानावर आहे. भूमितीतील साध्या आकृती सर्व काळांना सारख्याच परक्या किंवा सारख्याच जवळच्या असतात. त्यांच्यावर काळाचा शिक्का आपण मारतो.

ब्राह्मीपासून नागरीपर्यंत येताना हे कोन गेले कोठे? सोलापूर जिल्ह्यातच ह्याचे उत्तर शोधण्याजोगे एक स्थळ आहे. भीमा व सीना ह्या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वराचे मंदिर आहे. तेथील शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, ह्या कालाचा मराठी लेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार ह्यांनी उजेडात आणला. कालनिर्देश असलेल्या आद्य मराठी लेखांत त्याची गणना होते, आणि जो हे वाचील तो विजयी होईल अशा आशयाचे त्याचे शेवटचे वाक्य प्रसिद्ध आहे. लेख दगडात आहे, छिन्नीने कोरलेला आहे. छिन्नीस सरळ रेघ सोपी आणि वळण अवघड. असे असूनही नागरी लेख कोरणारा हात वळणे कोरतो, कारण त्याच्यापुढे जे अक्षर असते ते लेखणीने घडलेले असते. हजार वर्षांपूर्वीच आपल्या लिपीचा स्वभाव लेखणीने ठरवून टाकला होता आणि दगड तिचे अनुकरण करू लागला होता. साधन अक्षरास आकार देते हे खरे. परंतु एकदा आकार रूढ झाला की पुढील साधनांना त्याच्या आज्ञेत राहावे लागते, हेही तितकेच खरे. कोनदार अक्षराचा सारा इतिहास ह्या दोन सत्यांच्या ओढाताणीचा आहे.

ती लेखणी म्हणजे बोरू. त्याचे टोक तिरपे तासलेले असते, त्यामुळे एका दिशेने ओढलेली रेघ जाड व दुसऱ्या दिशेने ओढलेली बारीक उमटते. ‘क’च्या पोटाचा भरीवपणा, ‘त’च्या पायाचा निमुळता शेवट, ‘भ’ची गाठ, हे सारे बोरूच्या तिरक्या टोकाचे देणे आहे. ह्याच बोरूने दोन लेखनपद्धती चालविल्या. पोथ्यांसाठी बाळबोध: एकेक अक्षर सुटे, उभा काना ताठ. दफ्तरासाठी व दुकानाच्या चोपडीसाठी मोडी: हात शक्य तितका कमी उचलावा, सर्व कोन मोडून टाकावे, आणि एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जावे. बाळबोधेत उभी-आडवी रेघ राज्य करते. मोडीत वळण राज्य करते. पेढीवरचा कारकून दोन्ही लिही आणि कोणत्या कामास कोणते रूप हे जाणे. एकाच लिपीची दोन टोकांची रूपे प्रयोजनानुसार वापरण्याची सवय आपल्या समाजास छापखान्याच्या कितीतरी आधीपासून होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

छपाई आली ती ह्या बाळबोधेचा आदर करीतच आली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात तर हाताचे अक्षर जसेच्या तसे उतरते. पुढे त्यांनी स्वतःचे खिळे पाडविले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम ह्याने नागरी खिळ्यांची सुधारणा केली. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू ह्यांनी कोरलेल्या अक्षरांनी देशभर नागरी मुद्रणाचा आदर्श घालून दिला. पोलादाच्या ठशावर काम करणाऱ्या ह्या कारागिराने आपल्या हत्याराच्या सोयीची अक्षरे केली नाहीत. उत्तम पोथी लिहिणाऱ्याच्या हाताची जाडी-बारीकी त्याने धातूत उतरविली. ग्रंथाच्या अक्षरास हेच योग्य होते. चारशे पाने वाचावयाची तर अक्षराने स्वतःकडे लक्ष ओढता कामा नये. परंतु नाटकाची जाहिरात, दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी ह्यांचे काम निराळे. तेथे अक्षराने रस्त्यावरील माणसास थांबवावयाचे असते. प्रदर्शनी अक्षराचा जन्म ह्या गरजेतून होतो, आणि कोनदार भविष्यवादी अक्षर हे त्या प्रदर्शनी अक्षरांतीलच एक होय.

कोनास भविष्याचा अर्थ मिळाला तो युरोपात. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ ह्या दैनिकात मारिनेत्ती ह्या इटालियन कवीचा भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. मोटार, वेग, यंत्र व गोंगाट ह्यांची त्यात पूजा होती आणि पुराणवस्तुसंग्रहालयांविषयी तिरस्कार होता. ह्या पंथाने छापील पानाची शिस्तही मोडली; ओळी तिरप्या केल्या, लहानमोठी अक्षरे एकमेकांवर आदळविली. त्यानंतर जर्मनीत पाउल रेनर ह्याने आखलेला ‘फुतुरा’ हा ठसा १९२७ साली बाहेर पडला. त्याच्या नावातच भविष्य होते, आणि त्याची अक्षरे वर्तुळ, त्रिकोण व सरळ रेघ ह्यांवर उभी होती. कंपास व पट्टी ही अभियंत्याची साधने. म्हणून त्यांनी काढलेले अक्षर अभियंत्याच्या युगाचे. लेखणीचा माग पुसून टाकणे हाच नवेपणा, असे समीकरण येथे पक्के झाले. तरीही ही भूमिती माणसाच्या डोळ्यासाठी होती; रेनरने अनेक ठिकाणी वर्तुळ किंचित दाबले, रेघ किंचित निमुळती केली, कारण शुद्ध भूमिती डोळ्यास वेडीवाकडी दिसते.

खरोखरीचे कोनदार अक्षर त्यानंतर आले, आणि ते आले यंत्राच्या डोळ्यासाठी. आपल्या चेकच्या तळाशी जे विचित्र जाड-बारीक आकडे असतात, ते वाचकांनी पाहिलेच असतील. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन बँकांसाठी ते तयार झाले. दहा आकडे व चार चिन्हे एवढाच त्यांचा संसार. ते लोहयुक्त शाईने छापतात, आणि चुंबकीय यंत्र त्यांच्यावरून फिरले असता प्रत्येक आकड्याचा निराळा संकेत उठावा म्हणून त्यांच्या अंगात जागोजागी ते ठोकळे घातलेले आहेत. त्यात शोभेचा लवलेश नाही. परंतु लोकांनी ते पाहिले, संगणकाशी त्यांचे नाते जोडले, आणि १९६० नंतर त्याच ठोकळ्यांची संपूर्ण वर्णमाला करून ती चित्रपटांच्या व पुस्तकांच्या नावांसाठी वापरण्यास प्रारंभ झाला. १९६७ साली व्हिम क्राउवेल ह्या डच कलावंताने ह्याच वाटेने एक पाऊल पुढे टाकले. त्या काळी नवी जुळणीयंत्रे अक्षर पडद्यावर रेघारेघांनी रेखाटीत, त्यामुळे वळणाच्या कडा फाटत. तेव्हा वळणच नको, अशी त्याने वर्णमाला आखली: केवळ उभ्या व आडव्या रेघा आणि कोपऱ्यांत तिरपा छेद. तिच्यातील कित्येक अक्षरे ओळखूही येत नाहीत. ती वापरासाठी नव्हे, विचारासाठी आहे, असे त्याने स्वतःच सांगून ठेविले. यंत्र सुधारले, फाटक्या कडा गेल्या. पण त्या अडचणीतून निघालेले रूप मात्र भविष्याचा गणवेश म्हणून मागे उरले. जी गोष्ट कालच्या यंत्राची उणीव होती, ती आज उद्याची खूण म्हणून मिरवते आहे.

युरोपात अक्षराचा हा वेषपालट चालू असता आपल्याकडे यंत्राने लिपीपुढे अधिक कठोर मागणी ठेविली होती. रोमन वर्णमालेचे काम शंभरेक खिळ्यांत भागते. नागरीस जोडाक्षरे, मात्रा, रफार, उकार ह्यांसाठी कित्येकशे खिळे लागत, आणि जुळाऱ्यास एवढ्या मोठ्या पेटीपुढे उभे राहावे लागे. टंकलेखनयंत्राच्या मोजक्या कळांवर तर ती मावणेच अशक्य. तेव्हा लिपीच बदलावी असा विचार पुढे आला. सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी, काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखालील १९३५ ची नागरी लिपी सुधार समिती, १९५३ ची लखनौची परिषद, हे त्या विचाराचे टप्पे होत. लखनौस ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा ठराव झाला. ‘ख’चा ‘रव’ असा घोटाळा होऊ नये म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडावे असेही ठरले. ह्यातील इकाराची सुधारणा काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. ‘ख’ची मात्र रुजली. दोहोंत भेद काय? इकार हलविला तो यंत्राच्या सोयीसाठी आणि ‘ख’ जोडला तो वाचकाच्या सोयीसाठी. लोकांनी पहिली नाकारली व दुसरी स्वीकारली, ह्यात त्यांच्या जाणतेपणाचाच प्रत्यय येतो.

पुढे संगणकाने हा वादच निकालात काढला. यंत्राची स्मृती वाढली आणि जोडाक्षरे हवी तितकी मावू लागली. र. कृ. जोशी ह्यांच्यासारखा हाताने अक्षर लिहिणारा कलावंत संगणकाकडे वळला, आणि त्यांनी आखलेला ‘मंगल’ हा नागरी ठसा विंडोज प्रणालीबरोबर घरोघर पोहोचला. लिपीने यंत्रासमोर वाकण्याचे कारण उरले नाही. यंत्रच लिपीपुढे वाकले. नेमक्या ह्याच काळात कोनदार नागरी अक्षर हौसेने वापरात यावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ च्या सुमारास ‘राजधानी’ व ‘टेको’ असे दोन ठसे सर्वांस मुक्त वापरासाठी दिले. दोन्हींत नागरी व रोमन अशा दोन्ही लिपी आहेत आणि दोन्ही मथळ्यांसाठी आखलेले आहेत. ‘राजधानी’ची घडण ठराविक भाग जोडून केल्यासारखी आहे: अक्षर उंच व अरुंद, पोटातील वाटोळेपणा काढून दोन्ही बाजूंस उभ्या भिंती, कोपऱ्यात किंचित गोलाई, टोके सपाट. तिचे रूप तांत्रिक, किंबहुना भविष्यवादी वाटू शकेल, असे तिच्या परिचयातच सांगितले आहे. ‘टेको’ तिच्याहून अधिक चौकोनी व दाट. आडव्या जागेत मोठे नाव बसवावयाचे तर असे अक्षर फार उपयोगी पडते. आणि ते विनामूल्य असल्यामुळे छोट्यातल्या छोट्या फलक छापणाऱ्यासही मिळते.

ह्या ठशांचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. नागरीची शिरोरेषा व काना ह्या दोन रेघा मुळातच सरळ आहेत. रोमन लिपीत इतका सरळ सांगाडा नाही. त्यामुळे कोनदार वेष नागरीच्या निम्म्या अक्षरांना अंगचाच असल्यासारखा बसतो. ‘प’, ‘ग’, ‘न’, ‘म’, ‘त’ ही अक्षरे चौकटीत घातली तरी ओळख सोडीत नाहीत. अडचण येते ती जेथे एखाद्या बारीक वळणावरच अक्षराचे वेगळेपण उभे असते तेथे. ‘ध’च्या डोक्याचे वळण गेले की तो ‘घ’ होतो, आणि धनाचा घन होतो. ‘भ’ची गाठ नुसती खाच झाली की भाताचा मात होतो. ‘ड’, ‘ङ’ व ‘ह’ ह्यांची वळणे सपाट केली की ती तिघे एकाच गणवेशातील शिपायांप्रमाणे दिसू लागतात. मराठीपुरती आणखी एक गोष्ट आहे. आपला ‘ल’ पाकळीचा व ‘श’ देठाचा; शासनानेही २००९ साली ही रूपे मान्य केली. अखिल भारतीय वापरासाठी घडविलेल्या ठशांत पहिला मान बहुधा हिंदीत रूढ असलेल्या रूपांना मिळतो, आणि चौकटीच्या अक्षरात दांड्याचा ‘ल’ पाकळीच्या ‘ल’पेक्षा बसविण्यासही सोपा. सोयीपुढे पाकळी टिकवावयाची तर ती जाणूनबुजून आखावी लागते. कायद्याने मराठी पाटी लावली आणि तिच्यावरील ‘ल’ मात्र मराठी राहिला नाही, असे होऊ द्यावयाचे की नाही, हे आपण ठरवावयाचे आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नवी पेठेबाहेर जाण्याचे कारण नाही. १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी निघाली, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग व पुढे यंत्रमाग चालविले, आणि सोलापुरी चादर हे नाव देशभर झाले. त्या चादरीवर मोर, फुले, चौकड्या असतात, तशीच पुष्कळदा अक्षरेही असतात: विणणाऱ्या कारखान्याचे नाव छापलेले नव्हे, तर विणीतच उमटविलेले. हे अक्षर ज्या जेकार्ड यंत्राने विणले जाते, त्याची मूळ योजना फ्रान्समधील जाकार ह्याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. तिची रीत अशी: नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर मांडतात. कागदावरचे एक घर म्हणजे उभ्या ताण्याच्या धाग्यावरून आडव्या बाण्याचा धागा जातो ती एक भेट. घर रंगविले तर ताण्याचा धागा वर उचलावयाचा, कोरे ठेविले तर नाही. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठ्याची पट्टी असते व तिच्यावर त्या ओळीतील घरांप्रमाणे भोके पाडलेली असतात. पट्ट्यांची माळ फिरते आणि धोट्याच्या एकेका फेरीगणिक अक्षर ओळीओळीने वर चढत जाते. चार्ल्स बॅबेज ह्याने आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या पट्ट्यांची कल्पना ह्याच मागावरून उचलली. आजच्या संगणकाचा पडदाही अक्षर दाखवितो ते अशाच घरांच्या जाळ्यात.

तेव्हा मागावर कोनदार अक्षर येते ते कोणाच्या हौसेने नव्हे. जाळ्यात तिरपी रेघ नसते, पायऱ्या असतात. वर्तुळ नसते, पायऱ्यांचे कडे असते. ‘सोलापूर’ हे एकच नाव घ्या. काने, शिरोरेषा व ‘प’ ह्यांस मागाची काहीच हरकत नाही. त्या ताण्याबाण्याच्याच रेघा आहेत. खरी कसोटी ‘स’च्या तिरप्या जोडणीची, ओकाराच्या वरच्या मात्रेची, ‘ल’च्या पाकळ्यांची आणि ‘र’च्या पायाची. घरे मोठी व थोडी असली तर ‘र’चा पाय तीन पायऱ्यांत संपतो, लहान व पुष्कळ असली तर तो पायासारखा दिसतो. त्यातही एका इंचात उभे धागे जितके, तितकेच आडवे नसतात. म्हणून चौकटीच्या कागदाची घरेही त्या प्रमाणात लांबट आखावी लागतात, नाहीतर कागदावरचे सुबक अक्षर कापडावर चेपटते. नक्षी मांडणाऱ्याला हे सर्व ठाऊक असते. कोणते घर रंगविले असता पाकळी पाकळी राहते आणि कोणते सोडले असता तिचा ठोकळा होतो, ह्याचा निवाडा तो घराघरागणिक करीत असतो. आणखी एक नवलाची गोष्ट अशी की, तेलुगू लिपी वाटोळ्या वळणांची; ताडपत्रावर लोखंडी सळईने आडवी रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून ती तशी झाली असे सांगतात. घरी ती वाटोळी भाषा बोलणाऱ्या विणकरांनी मागावर काटकोनी नागरी विणली. साधनाचा व लिपीचा असा समेट जाणत्या हातांनीच होतो.

मागावरील ह्या अक्षराशी ताडून पाहिले म्हणजे पाटीवरील भविष्यवादी अक्षराचे मर्म कळते. मागावर, रेल्वे स्थानकाच्या दिव्यांच्या फलकावर, किंवा दगडावर कोन हा साधनाचा हिशेब आहे. तेथे कारागीर होता होईल तो वळण वाचविण्याची खटपट करतो. पाटीवर मात्र छपाईचे यंत्र कोणतेही वळण बिनतक्रार काढून देते. तेथे कोन हा केवळ वेष आहे, आणि वळण टाकून देण्यातच भूषण मानले जाते. वेष घेण्यास आक्षेप नाही. नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे ह्यांनी आयुष्यभर नावांना वेष दिले. पण नाटकाचा भाव नावात उतरावा आणि तरी रस्त्यावरील माणसाने ते एका दृष्टिक्षेपात वाचावे, हे दोन्ही त्यांनी सांभाळले. त्यांच्या हातून वेष अक्षरास बसत असे. अक्षर कापून वेषात कोंबले जात नसे.

ह्यावरून एक साधा दंडक निघतो. कोनदार अक्षर निवडताना वा आखताना सरळ रेघेस लिपीत जेथे मुळात जागा आहे तेथे ती खुशाल ठणठणीत करावी. परंतु ज्या वळणावर एका अक्षराचे दुसऱ्यापासून वेगळेपण टिकून आहे, ते वळण जाळ्याची शेवटची घरे खर्चूनही राखावे. ‘ध’चे डोके, ‘भ’ची गाठ, ‘ल’ची पाकळी, ‘श’चा देठ ही त्या वळणांची यादी फार मोठी नाही; एखादा हुशार विद्यार्थी ती एका दुपारी करील. ठसे आखणाऱ्यांनी ती समोर ठेवावी, आणि पाटी करून घेणाऱ्या दुकानदाराने रंग व किंमत विचारतो त्याचप्रमाणे आपले नाव रस्त्याच्या पलीकडून वृद्ध गिऱ्हाईकास वाचता येईल का, हेही विचारावे. चादरीत नाव विणणारा कारागीर हा प्रश्न घराघराला विचारीतच आला आहे. त्याचे ज्ञान चौकटीच्या कागदावर आहे, पुठ्ठ्याच्या भोकांत आहे. नक्षी संगणकावर मांडली जाऊ लागल्यापासून ते कागद अडगळीत पडू लागले आहेत. कोणी अक्षरांचा अभ्यासक ते गोळा करून नीट पाहील, तर नागरीच्या कोनदार ठशासाठी लागणारे पुष्कळसे धडे त्यास त्या रंगविलेल्या घरांतच सापडतील.